झिल्डामावशीचा जूनमधला हिवाळा

आमच्या गावाचं नाव बेलबुत. बेलबुत म्हणजे सुंदर टेकडी. गावात टेकडी नाही. मॅनिटोबा प्रांताचा हा भाग इतका सपाट आहे की नाव ठेवणाऱ्याने बहुधा गवताच्या गंजीकडे बघून ते ठेवलं असावं. आता जी एक टेकडी आहे ती मी बनवतो. मी ओनेझिम बुशे, गावच्या हॉकी रिंकचा, म्हणजे बर्फावर हॉकी खेळायच्या मैदानाचा, बर्फ सांभाळणारा. खेळ संपला की यंत्रावर बसायचं, खरवडलेला वरचा थर तासून काढायचा, नवं पाणी सोडायचं, आणि तासलेला भुगा रिंकच्या मागे उत्तरेच्या भिंतीशी नेऊन ओतायचा. सव्वीस हिवाळे मी हेच करतोय. मार्चपर्यंत तिथे दुमजली ढीग होतो आणि मग तो कोणत्या तारखेला पूर्ण वितळणार यावर गाव पैजा लावतं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या दारातला बर्फ पुढचा हिवाळाभर उपसायचा, असा करार. माझी तारीख ठरलेली, चोवीस जून, सेंट जॉनचा सण. ढीग तोवर टिकावा म्हणून मी त्यावर अळशीचं काड पसरतो आणि वर निळी ताडपत्री घालतो. शेजारचा गास्पार याला लबाडी म्हणतो. मी देखभाल म्हणतो.

ढिगाचं राहू दे. सांगायचं आहे ते झिल्डामावशीचं.

झिल्डामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मावशी आली, एका हाताने मला उचललं, दुसऱ्या हातात आमची उरलेली कोंबडी घेतली आणि दोघांना घरी नेलं. कोंबडीचं तिने सूप केलं आणि मला वाढवलं. रागावली की अजूनही ऐकवते की त्या दिवशी तिची निवड चुकली.

तिने आयुष्यभर पडेल ते काम केलं. उन्हाळ्यात रानात सेनेका नावाचं औषधी मूळ खणायचं, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासेमारांच्या तळावर स्वयंपाक करायचा, आणि म्हातारपणी माझ्याच रिंकच्या कँटीनमध्ये बटाटे तळायचे. हे सगळं तिने मिशिफमध्ये केलं. बटाट्यांना मिशिफमध्ये शिव्या दिल्या, रेडिओशी मिशिफमध्ये भांडली, नवऱ्याला, म्हणजे लेआंद्रकाकाला, मिशिफमध्येच पुरलं. मिशिफ ही आम्हा मेतीस लोकांची भाषा. तिच्यात हलणं-चालणं, हसणं-रडणं सगळं क्री जमातीच्या आजीकडून आलेलं, आणि खुर्ची, किटली, घोडा, टोपी हे फ्रेंच आजोबांकडून. थोडक्यात, सामान आजोबांचं आणि हलवाहलव आजीची, कुठल्याही घरात असते तशीच. आता बेलबुतमध्ये ती धड बोलणारं माणूस म्हणजे एकटी मावशी. गास्पार धरला तर दीड, कारण त्याला शिव्या आणि नाचाच्या ठेक्याचे बोल एवढंच येतं.

माझं काय, असं विचाराल. मला सगळं समजतं. बोलत नाही. आठ वर्षांचा असताना वर्गात माझ्या तोंडून मिशिफ निघालं म्हणून बाईंनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीचं मला काही वाटलं नाही. मागे पोरं हसली त्याचं वाटलं. त्या दिवसापासून मावशी मिशिफमध्ये विचारते आणि मी इंग्रजीत उत्तर देतो. पंचावन्न वर्षं असंच चाललंय, आणि त्यामुळे आमचं भांडण कधी अडलेलं नाही.

भाषा टिकवायची खटपट मावशीने तिच्या पद्धतीने केली. गावच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बिंगो असे आणि आकडे पुकारायचं काम तिच्याकडे होतं. ती ते मिशिफमध्ये पुकारी, तेही भरभर. त्यामुळे सत्तरीखालच्या कोणालाही कधी काही लागत नसे. तक्रारी झाल्या. मावशी म्हणाली, "शिका मग." एका हिवाळ्यात अर्ध्या गावाला नव्वदपर्यंत आकडे यायला लागले. पुढे एक शब्द नाही, पण नव्वदपर्यंत पक्कं.

आणि तिच्याकडे गोष्टी आहेत. एका लबाड म्हाताऱ्याच्या, ज्याने हे जग बनवायला घेतलं आणि अर्धं झाल्यावर जेवायला निघून गेला. एकेचाळीस गोष्टी, तिच्या आईने तिला सांगितलेल्या, त्या आईला तिच्या आईने. हे लिहितोय तेव्हा माझ्या खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आहे, म्हणून त्यातलं थोडं पुढे सांगणार आहे. त्याचं नाव मात्र घेणार नाही, कारण तुम्ही हे पुस्तक कोणत्या महिन्यात उघडाल याचा मला भरवसा नाही. जमिनीवर बर्फ असेल तेव्हाच या गोष्टी सांगायच्या असतात. उन्हाळ्यात सांगितल्या तर बेडूक अंथरुणात येतात. लेआंद्रकाका एका जुलैत फुशारकीने अर्धी गोष्ट सांगून बसला आणि सकाळी त्याच्या उशीखालून बेडूक निघाला. काका तळ्याकाठी तंबूत झोपला होता ही बाब मावशी विचारात घेत नाही.

तर गेल्या जूनमध्ये मावशीच्या घशात गाठ निघाली. विनिपेगच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढावी लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाज राहील की जाईल ते आत्ता सांगता येणार नाही. ऑपरेशन मंगळवारी ठरलं. गुरुवारी कोरीन येऊन थडकली.

कोरीन ही मावशीच्या थोरल्या बहिणीची नात. शहरात वाढलेली, नाकात चमकी, आणि तीन वर्षं वर्ग लावून मिशिफ शिकलेली. ती बोलते तेव्हा एकेक शब्द इस्त्री करून ठेवल्यासारखा येतो. मागच्या खेपेला तिने मावशीच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूवर मिशिफ नावाची चिठ्ठी चिकटवली होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला शब्द पाठ होतील. मावशी किटलीपुढे उभी राहून म्हणाली, "मला माहीत आहे ही किटली आहे. हिला वाटतं मी विसरले?" गास्पारच्या पाठीवर 'म्हातारा' अशी चिठ्ठी होती. ती तो आठवडाभर घेऊन हिंडला. या खेपेला कोरीनने रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं होतं.

शुक्रवारी आम्ही चौघं मावशीच्या टेबलाशी बसलो.

"आजी," कोरीन म्हणाली, "मंगळवारच्या आत सगळ्या गोष्टी रेकॉर्ड करून टाकू या. चाळीस आहेत ना?"

"एकेचाळीस."

"मग करू सुरुवात?"

"कर की. नोव्हेंबरात."

"आजी, नोव्हेंबरात तुझा आवाज..."

"नसेल. मग? नियम काय माझ्या घशाला विचारून केलाय कोणी?"

"झिल्डा, बेडूक आलेच तर मी उचलतो," गास्पार म्हणाला.

"तू आधी तुझी पँट वर उचल. बसतोस तेव्हा मागून अर्धा मॅनिटोबा दिसतो."

मी इंग्रजीत म्हटलं, "मावशी, हट्ट सोड. पोरगी एवढ्या लांबून आलीये."

मावशीने माझ्याकडे सावकाश पाहिलं. "मिशिफमध्ये सांग," ती म्हणाली. "लगेच सोडते."

 गास्पारने विषय बदलायला फिडल, म्हणजे त्याचं व्हायोलिन, काढलं, मावशीने ते परत पेटीत घालायला लावलं, आणि कोरीन डोळे पुसत बाहेर पायरीवर जाऊन बसली. गास्पारही तिच्यामागे गेला.

मग मावशी माझ्याशी हळू आवाजात बोलली. तिचा आवाज तेव्हाच खरखरीत झाला होता. "मला भीती वाटते रे ओनेझिम. सुरीची नाही. आईने मला त्या सगळ्या दिल्या. मी कोणाला दिल्या? तुला. दर हिवाळ्यात तुला मांडीवर घेऊन दिल्या. आणि तू अजून भिंतीकडे तोंड करून उभा आहेस."

 मला राग आला, कारण ते खरं होतं. "मग आत्ता सांग ना!" मी ओरडलो. "कोरीनला सांग! यंत्राला सांग!"

"बर्फ कुठाय?" मावशीही ओरडली.

आणि मी उत्तर देऊन बसलो. "रिंकच्या मागे!"

शनिवारी सकाळी मावशी ढीग बघायला आली. फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून, काठी टेकत, घोडा विकत घ्यायला आल्याच्या ऐटीत. मी ताडपत्री ओढली, काड बाजूला केलं. दुमजली ढिगाचा आता गायीएवढा उरला होता. वर काळपट, आतून पांढरा. मध्ये मध्ये रिंकवरच्या निळ्या-तांबड्या रेघांचा रंग उतरलेला, हॉकीच्या काठीला गुंडाळायच्या पट्टीचे तुकडे, आणि एका जागी कोणाचा तरी पुढचा दात.

मावशीने काठी खुपसली. "हा आकाशातून पडलाय का?"

"पाणी आकाशातूनच येतं," गास्पार म्हणाला.

"तुला विचारलं नाही." तिने एक चिमूट उचलून जिभेवर ठेवली. "पेट्रोल लागतंय."

"यंत्राचं असेल," मी म्हटलं.

ती बराच वेळ ढिगाभोवती फिरली. मग निकाल दिला. बर्फ जमिनीवर पाहिजे, ढिगात चालणार नाही. खुर्चीत बसून खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं सगळं पांढरं पाहिजे. आणि हिवाळा म्हणजे हिवाळा, त्यात अर्धवटपणा नको. चूल पेटलेली पाहिजे, सुपाचं भांडं चढलेलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर लोकरी कपडे पाहिजेत. एवढं असेल तर ती सांगेल. एखादं गवताचं पातं दिसलं की गप्प बसेल.

"आणि माझी पैज?" गास्पार म्हणाला. त्याची तारीख रविवारचीच होती. "ढीग उचलून नेला तर वितळला असं धरायचं की नाही?"

"नाही," मी म्हटलं. "नेला म्हणजे हलवला. वितळला वेगळं."

"जागेवर नाही म्हणजे संपला!"

"तू मेलास आणि तुला चर्चमध्ये नेलं तर तू हलवला की संपला?"

यावर गास्पार विचारात पडला आणि आम्हाला कामाला लागता आलं.

रविवारी एकतीस डिग्री ऊन होतं. गास्पारचा पिकअप आणि माझी ढकलगाडी, अशा खेपा सुरू झाल्या. प्रार्थना आटोपून चर्चमधून निघालेली माणसं रस्त्यात थांबून बघत होती की दोन म्हातारे लोकरी टोप्या घालून बाईच्या अंगणात बर्फ पसरतायत. साधारणपणे लोक उलटं करतात. अर्धं अंगण झालं आणि ध्यानात आलं की खिडकीतून पार रस्त्यापलीकडचं कनोलाचं शेत दिसतंय, हिरवंगार. तेवढा बर्फ अख्ख्या जिल्ह्यात नव्हता.

ही अडचण कोरीनने सोडवली. तिने खिडकीचा पडदा ओढत ओढत इतका खाली आणला की तळाशी वीतभर फट राहिली. मग मावशीच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय मी करवतीने चार बोटं कापले, म्हणजे बसणारा पुढे कलेल आणि नजर खाली अंगणातच पडेल.

"माझी खुर्ची!" मावशी किंचाळली.

"बसून बघ."

ती बसली. वाकून फटीतून पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "पांढरं आहे," ती कुरकुरत म्हणाली. "बरं, यंत्र लाव."

आत चूल धडधडत होती. भांड्यात खिम्याच्या गोळ्यांचं सूप उकळत होतं, आम्ही त्याला बुलेत म्हणतो, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घरोघर जाऊन खातो. पहिला वाडगा गोष्ट सांगणाऱ्याचा असतो. तो मावशीने स्वतःच स्वतःला वाढला. कोरीन दोन स्वेटर आणि हातमोजे घालून समोर बसली होती. हातमोज्यांमुळे तिला यंत्राची बटणं दाबता येईनात, म्हणून ती नाकाने दाबत होती. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. आणि मावशीने पहिली गोष्ट सुरू केली.

मी बाहेर होतो. माझं काम पांढरं टिकवण्याचं. पण खिडकी उघडी होती आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पंचावन्न वर्षांत मी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. ती सांगत होती आणि पुढचं वाक्य माझ्या डोक्यात आधीच येऊन बसत होतं. मला ते आवडलं नाही. म्हणजे आवडलं, पण फावडं हातात असताना रडू आलं की बघणारे गैरसमज करून घेतात.

"डावीकडे गवत!" मावशी मध्येच ओरडायची आणि गप्प व्हायची. मी धावत जाऊन फावडंभर बर्फ टाकायचो. ती जिथे थांबली तिथून पुढे सुरू करायची. ते रेकॉर्डिंग आज विनिपेगला जपून ठेवलंय आणि पुढे अभ्यास करणाऱ्यांना वाटणार आहे की आमच्या पुराणकथांत दर चार वाक्यांनी 'गवत!' असा एक पवित्र उच्चार असतो.

दुपारी चारपर्यंत दहा गोष्टी झाल्या. तिचा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता, तरी ती थांबेना. अकरावी सुरू झाली, अस्वलाच्या कोटाची. माझी लहानपणची सगळ्यात आवडती.

तो लबाड म्हातारा एकदा नव्या वर्षाच्या दिवशी उघडा-वाघडा, उपाशी. घरोघर बुलेत शिजतंय, पण अंगावर धड कपडा नाही, जाणार कसा? तेव्हा तो अस्वलाच्या गुहेत शिरतो. अस्वल हिवाळ्यासाठी झोपलेलं, कोट खुंटीला टांगलेला. हा कोट घालतो आणि निघतो. पहिल्या घरी तीन वाडगे, दुसऱ्या घरी पाच. अकरा घरं होतात. पोट असं फुगतं की कोटाची बटणं निघेनात. ओढून बघतो, लोळून बघतो, एका गाईला चावायला सांगून बघतो. निघत नाही. आणि इकडे बर्फ वितळायला लागतो, तिकडे गुहेत अस्वल झोपेत कूस बदलतं आणि एक डोळा उघडून खुंटीकडे...

"गवत!"

मी फावडं घेऊन वळलो. ढकलगाडी रिकामी. पिकअप रिकामा. मी रिंककडे पळत सुटलो. भिंतीच्या कोपऱ्यात, काडाखाली, मी दोन-तीन बालद्यांचा बर्फ शेवटच्या वेळेसाठी राखून ठेवला होता. जाऊन बघतो तर काड इकडे-तिकडे फेकलेलं आणि खाली ओली माती.

परत आलो तर गास्पार मावशीच्या मागच्या दारातून बाहेर येत होता, बाह्या ओल्या, आकाशाकडे बघत.

"गास्पार! कोपऱ्यातला बर्फ कुठाय?"

"वितळला असेल," तो ढगांना म्हणाला.

"आज सोळा तारीख! तुझी पैज! लेका, पैजेसाठी तू..."

तेवढ्यात रस्त्याकडेच्या चरात एक बेडूक ओरडला. जूनमध्ये तिथे रोज तीनशे ओरडतात. पण मावशीने तोंड मिटलं, लोकरी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बोलावणं आलं. बाकीचं बर्फ पडल्यावर."

"आजी, शेवट तरी!" कोरीन रडकुंडीला आली. "दोन मिनिटांचा असेल!"

"बर्फ संपला," मावशी म्हणाली. तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि पडदा वर सोडला. कनोलाचं हिरवं शेत भपकन घरात शिरलं.

त्यानंतर मी गास्पारशी चार महिने बोललो नाही.

मंगळवारी गाठ निघाली आणि आवाज गेला. आता मावशीच्या तोंडातून नुसती हवा येते. डॉक्टरीणबाईंनी तिला पाटी आणि खडू दिला, पण तिला लिहिता येत नाही, आणि मिशिफ कसं लिहायचं यावर अजून शिकलेल्यांचंच जमलेलं नाही. तिने पाटीवर गालेत भाजली. गालेत म्हणजे आमची जाड रोटी. ती पाटीला चिकटली, पाटी फुटली. मग तिने लाकडी चमचा धरला. टेबलावर एकदा टक् म्हणजे चुकलास. दोनदा टक् टक् म्हणजे फार चुकलास. बरोबर आहे यासाठी आवाज नाही, त्याची तिला कधी गरज पडली नव्हती. बिंगोही तिने चमच्याने पुकारून पाहिला. सत्त्याऐंशीला हॉलमधली निम्मी माणसं झोपली होती.

मी मात्र त्या उन्हाळ्यात नीट जेवलो नाही. तीस गोष्टी आणि एक अर्धी, तिच्या आत अडकलेल्या, आणि मी रोज तिच्यासमोर बसून इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारणार. एकदा घरी आरशासमोर उभा राहून मिशिफमध्ये 'किटली' म्हणून पाहिलं. कुत्रा उठून बाहेर गेला.

बावीस ऑक्टोबरला पहिला बर्फ पडला. खरा, आकाशातून, पेट्रोल न लागणारा. दुपारपर्यंत कोरीन विनिपेगहून हजर. मावशीने बोलावणं धाडलं, म्हणजे दारात येऊन दोन पातेली एकमेकांवर आपटली. आम्ही गेलो. गास्पारही आला आणि माझ्यापासून लांबची खुर्ची धरून बसला. मावशीने सुपाचं भांडं चढवलं आणि मला खुणेने सांगितलं, मागच्या खोलीतून मूसचं, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाचं, मांस आण.

मी डीप फ्रीझर उघडला. मांसाचं पुडकं वर नव्हतं. खाली हात घातला तर आइस्क्रीमच्या तीन मोठ्या प्लॅस्टिक बालद्या लागल्या. एक उघडली. आत बर्फ. काळपट, त्यात रिंकच्या निळ्या रेघेचा रंग आणि हॉकीच्या काठीची पट्टी. तिसऱ्या बालदीत तो पुढचा दातही होता.

मी तिन्ही बालद्या स्वयंपाकघरात आणून टेबलावर ठेवल्या.  गास्पार आकाशाकडे बघत होता, वर छत असूनही.

"तिनेच सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "कानात. मधल्या वेळात मी पाणी प्यायला आत आलो तेव्हा. म्हणाली, शेवटचा बर्फ गुपचूप आणून माझ्या फ्रीझरमध्ये ठेव आणि त्या गाढवाला सांगू नकोस. मी म्हटलं, अगं तो मला पैजेवरून मारील. म्हणाली, मारू दे."

"मग गेले चार महिने तू बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतास ना माझ्याशी."

मी मावशीकडे वळलो. तीन बालद्या. फटीपुरतं पांढरं करायला एक पुरली असती. शेवट दोन मिनिटांचा होता, आवाज तोवर होता, बर्फ घरातच होता. "तू मुद्दाम थांबलीस," मी म्हटलं. इंग्रजीत.

टक्.

चूक भाषेची होती. ती उठली. तिने माझी खुर्ची धरली. मी नेहमी बसतो ती, चुलीमागच्या कोपऱ्यातली, भिंतीकडे वळलेली, कारण तिथे पाय शेकता येतात असं मी सगळ्यांना सांगत आलोय. ती खुर्ची तिने करकर ओढत फिरवली, भिंतीकडे पाठ करून ठेवली आणि मला खांदा दाबून बसवलं. समोर कोरीन, गास्पार आणि मावशी. कोरीनने बटण दाबलं, या वेळी बोटाने.

मी तोंड उघडलं. पंचावन्न वर्षांनी मिशिफमध्ये जो आवाज निघाला तो जुन्या बिजागरीचा होता.

टक्.

गास्पार फसकन हसला. कोरीन हसली. मावशीचे खांदे हसत होते, आवाज नाही. आणि मी, जो पंचावन्न वर्षं या हसण्याला घाबरून होतो, मलाही हसू फुटलं. हसता हसता दुसरं वाक्य आलं. ते पहिल्यापेक्षा बरं होतं.

अस्वल एक डोळा उघडून खुंटीकडे बघतं, मी सांगितलं. कोट नाही. इकडे हा लबाड म्हातारा घाबरून गुहेत परत आलेला, कोट अंगात अडकलेला. काय करावं? तो अस्वलाशेजारी आडवा होतो आणि घोरायला लागतो. अस्वल बघतं. शेजारी अस्वल झोपलंय. चांगलं गुबगुबीत, ओळखीचा कोट. ते मनात म्हणतं, हा तर मी. मी झोपलोय. मग हा जागा आहे तो कोण? बिचारं इतकं भलं की स्वतःची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत बाहेर जातं. ("टक्." मी 'चवड्यांवर' चुकलो होतो, पुन्हा म्हटलं.) बाहेर उघडंबोडकं हिंडतं. जो भेटेल त्याला विचारतं, मी कोण? ससा म्हणतो, उंदीर असशील. बगळा म्हणतो, न शिजलेलं बुलेत. वसंत सरतो. तोवर गुहेत झोपून झोपून म्हाताऱ्याचं पोट उतरतं, बटणं निघतात. तो बाहेर येतो तर दारात अस्वल कुडकुडत बसलेलं. "बाबा, तुला ठाऊक आहे का," ते विचारतं, "मी कोण?" आणि तो लबाड म्हातारा, ज्याने जन्मात कोणाचं काही परत केलं नाही, तो कोट काढतो आणि त्याच्या अंगावर घालतो. म्हणतो, "हा ज्याला नीट बसतो, तो तू."

माझा घसा दुखत होता. चमचा बराच वेळ वाजला नव्हता.

"संपली?" कोरीनने तिच्या इस्त्रीच्या मिशिफमध्ये हळूच विचारलं.

"ही संपली," मी म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर ध्यानात आलं की तेही मिशिफमध्येच म्हटलंय. "तीस उरल्यात. यंत्र चालू राहू दे, बर्फ एप्रिलपर्यंत आहे."

मावशीने चमचा उचलला. मी दचकून मान आत घेतली. तिने तो सुपात घातला, तळापासून ढवळला आणि पहिला वाडगा माझ्यापुढे ठेवला.